तिखाडीच्या तेलाची बाटली

"हात आना इकडे, गुरुजी," असं म्हणत तो परवानगीची वाट न पाहता माझं मनगट धरायचा, त्यावर बाटलीतलं तेल चोळायचा आणि डास कुठं बसतो ते पाहत राहायचा. डास बहुतेक त्याच्याच अंगावर बसायचा. स्वतःला तेल लावायचं त्याच्या लक्षातच राहत नसे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

सत्तरच्या दशकात मी आसगावला शाळेवर होतो. हा माझा समोरचा शेजारी, धानाचा शेतकरी. तरुणपणी त्यानं जंगलात एका ठेकेदाराच्या भट्टीवर तिखाडी गवताचं तेल काढलं होतं. तशीच भट्टी त्यानं घरामागे मांडली: लोखंडी पिंप, तांब्याची नळी, थंड पाण्याचं टाकं. दिवाळीच्या सुमारास गवत फुलावर आलं की तो भारे आणायचा. साऱ्या गल्लीला गुलाबासारखा वास सुटायचा आणि आम्ही त्याला अत्तरवाला म्हणून चिडवायचो.

त्याला अत्तराशी देणंघेणं नव्हतं. त्याच्या बायकोला दमा होता. दिवेलागणीला डास पळवायला घरोघरी कडुलिंबाच्या पाल्याचा धूर व्हायचा आणि ती बिचारी दाराच्या फटीत चिंध्या कोंबून आत खोकत बसायची. धूर थांबावा म्हणून तो करंजाच्या तेलात तिखाडीचं तेल मिसळून घरोघरी फुकट वाटायचा. लोकांनी तेल आनंदानं लावलं आणि धूरही चालू ठेवला.

कारण धूर बैलांसाठी होता. हे कळल्यावर तो बाटली घेऊन थेट शेजारच्या गोठ्यात शिरला. पहिल्या दिवशी उत्साहाच्या भरात त्यानं बैलाला नुसतं तिखाडीचंच तेल चोळलं. अंगाची आग होऊन बैल दावं तोडून पळाला आणि तळ्यात जाऊन उभा राहिला. मालकानं याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"चुकलं, भाऊ. उद्या पातळ करून आनतो," एवढंच तो म्हणाला.

मग रोज संध्याकाळी तो गल्लीतल्या प्रत्येक बैलाला मानेपासून शेपटीपर्यंत तेल लावत फिरू लागला. लोक हसले, पण हळूहळू धूर बंद झाला. त्याची बायको दिवेलागणीला ओट्यावर येऊन बसू लागली. तिला तिथं पाहिलं की मला बरं वाटायचं.

काही वर्षांनी, एका हिवाळ्यात, ती तापानं गेली. तेरवी झाल्यावर तो शेजारच्या गोठ्यापाशी आला. मी तिथंच होतो. त्याच्या हातात बाटली नव्हती.

"आता करा धूर, भाऊ," तो म्हणाला. "आता कोनाले तरास नाई."

तो घरात गेला. गोठ्याच्या मालकानं पाला पेटवला. गोठ्यात धूर भरला. बैलानं मात्र रोजच्यासारखी मान गल्लीकडे लांब केली आणि तशीच धरून ठेवली.