आभाराच्या माईकवर एक प्रश्न

आमच्या सोलापूरच्या कॉलेजात पाच दिवसांची आंतरराष्ट्रीय कार्यशाळा झाली, त्याला आता काही वर्षं झाली. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मोठमोठ्या शास्त्रज्ञांबरोबर बसायचं, अडलेलं विचारायचं, असं माहितीपत्रकात छापलं होतं. मी तेव्हा एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि मला नेमकं एकच अडलं होतं. माझ्या प्रोजेक्टमधलं एक गणित तीन महिने उलट्या चिन्हानं येत होतं. पुस्तकात प्लस, माझ्याकडे मायनस. प्रोजेक्ट द्यायला पंधरा दिवस उरले होते. माझे गाइड म्हणजे आमचे विभागप्रमुख सर. त्यांना दाखवलं तर म्हणाले, "शेवटी प्लस करून टाक, कोण बघतंय." मी बघत होते की.

पाहुण्यांमध्ये परदेशातून आलेल्या एक वयस्कर बाई होत्या. माझं गणित ज्या विषयातलं, त्यात त्यांची हयात गेलेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर नेमकं तेच मांडलं. चौथ्या ओळीत मायनस होता. पाचव्या ओळीत तो नव्हता. मी पुन्हा बघितलं, खरंच नव्हता. हात वर केला तर सरांनी लांबूनच डोळे वटारले. प्रश्न तोंडी विचारायचे नव्हते. चिठ्ठीवर लिहून सरांच्या संयोजन समितीकडे द्यायचे, त्यातून समिती निवडणार. पाहुण्यांना अवघड वाटेल असं काही जायला नको म्हणे. अहो, अवघडातलं सांगायलाच तर ती माणसं एवढ्या लांबून आली होती.

चिठ्ठी दिली. संध्याकाळी निवडलेले प्रश्न वाचले गेले: सोलापूर कसं वाटलं, तरुणांना काय संदेश द्याल, शेंगाचटणी तिखट लागली का. बाई बिचाऱ्या तिन्हींना नीट विचार करून उत्तरं देत होत्या. माझी चिठ्ठी सरांच्या टेबलावर पडलेली, तिच्यावर आडवी काट. विचारलं तर म्हणाले, "फळ्यावर चूक झाली असं पाहुण्यांना तोंडावर सांगतेस? काही रीतभात?" मी चूक म्हटलंच नव्हतं. मायनस कुठं गेला, एवढंच विचारलं होतं.

पुढचे दोन दिवस सत्कारात गेले. रोज संस्थेचा कुणीतरी नवा माणूस यायचा, की पुन्हा दीपप्रज्वलन, पुन्हा सगळ्या पाहुण्यांच्या खांद्यावर सोलापुरी चादरी. भर उन्हाळ्यात बाई ती जाड चादर पांघरून घामाघूम बसायच्या आणि तासाचं व्याख्यान वीस मिनिटांवर यायचं. चहाच्या सुट्टीत गाठावं तर भोवती फोटोवाल्यांचं कडं. मी दोनदा वाट काढत पोचले. दोन्ही वेळा कुणीतरी मोबाईल माझ्या हातात देऊन म्हणालं, "जरा आमचा एक काढ की." मी निमूटपणे काढला. त्याचा मला अजून राग येतो.

चौथ्या दिवशी मी सरांकडे पुन्हा गेले. म्हटलं, दोनच मिनिटं द्या. सर वैतागले. "तुला बोलायची लई हौस आहे ना, मग उद्या आभार तूच मान," असं म्हणून त्यांनी नावांची दोन पानी यादी माझ्या हातात ठेवली.

शेवटच्या दिवशी समारोपात ती यादी मी वाचली. संस्थाचालक, मांडववाले, आचारी, स्पीकरवाले, लाईट न गेल्याबद्दल वीज खात्याची माणसं. वाचता वाचता लक्षात आलं, पाच दिवसांत पहिल्यांदाच माईक माझ्या हातात आहे. शेवटचं नाव बाईंचं होतं. त्यांचे आभार मानले आणि त्याच दमात इंग्रजीत विचारून टाकलं, "मॅडम, चौथ्या ओळीतला मायनस पाचव्या ओळीत कुठं गेला?" बाई पुढं झुकल्या, काही बोलणार, तेवढ्यात सरांनी स्पीकरवाल्याला हात केला आणि राष्ट्रगीत लागलं. सगळे ताठ उभे. मीही उभी, कान तापलेले. समोर बाईही ताठ उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या.

राष्ट्रगीत संपल्याबरोबर सगळे जेवणाकडे पळाले. बाई मात्र चादर खुर्चीवर ठेवून, मला हाताला धरून फळ्यापाशी गेल्या. चौथी ओळ लिहिली, थांबल्या, मग हसल्या. दोन इलेक्ट्रॉनांची अदलाबदल केली की आणखी एक मायनस येतो, आणि दोन मायनस मिळून प्लस. ती अदलाबदल त्यांनी मनातल्या मनात केली होती, फळ्यावर लिहिली नव्हती. "माझी एक ओळ राहिली," त्या म्हणाल्या आणि ती मधली ओळ लिहून दिली. तीन महिने माझीही तीच ओळ राहत होती. मला रडू फुटायचंच बाकी होतं.

सर त्यांना जेवायला न्यायला आले होते. मागे उभे होते, कधीपासून कुणास ठाऊक. आता बोलणी बसणार, म्हणून मी वही मिटली. ते फळ्याकडेच बघत होते. मग पहिल्या बाकावर बसले आणि बाईंना हळूच म्हणाले, "ही मधली ओळ पुन्हा एकदा सांगता का? मी वीस वर्षं हे शिकवतोय, पण इथं आलो की नुसता पुढं जातो."

बाईंनी पुन्हा सांगितलं. सरांनी माझ्याच वहीतलं एक पान मागून घेतलं आणि त्यावर ते उतरवून घेतलं. मला त्यांचा इतका राग त्याआधी कधीच आला नव्हता. अहो सर, तीन महिन्यांपूर्वी एवढंच म्हणायचं होतं, मलाही येत नाही. आपण दोघांनी बसून शोधलं असतं की.