कलम सात आणि भरताची पंगत

बाळांनो, शाळेतल्या वादविवादासाठी तुम्ही परवा फोनवर विचारलंत, "आजी, राज्यघटनेचा अर्थ कोणी लावायचा?" स्पर्धा शनिवारी आहे, म्हणून आजच लिहिते. मोठ्या न्यायालयांचं मला फारसं कळत नाही. पण आमच्या जळगावच्या कॉलनीतल्या भरीत मंडळाची घटना मीच लिहिली आहे. "आम्ही, कॉलनीतील महिला," अशी तिची थाटात सुरुवात होते.

कलम सात असं: "जी स्वतः वांगी भाजणार नाही, तिला पंगतीत बसता येणार नाही."

गेल्या हिवाळ्यात आम्ही धरणगाव रस्त्यावरच्या एका शेतात जमलो होतो. कपाशीच्या काड्या पेटल्या, हिरवी वांगी आत गेली. आमची एक मैत्रीण मुलाकडे धुळ्याला राहायला गेली आहे. ती खास एसटीने आली होती. तिला दमा आहे, म्हणून धुरापासून लांब बसली. अध्यक्षबाईंनी लगेच कलम सात काढलं.

"शब्द म्हणजे शब्द. भाजलं नाही, तर पंगत नाही."

मैत्रीण पिशवी उचलून म्हणाली, "मग पुढच्या वर्षीपासून मी येतच नाही."

मी मध्ये पडले. "कलम मी लिहिलंय. मला असं म्हणायचं नव्हतं."

अध्यक्षबाई माझ्याकडे वळल्या. "मॅडम, मुलगा तुम्ही जन्माला घातलात, म्हणून त्याचा संसारही तुम्हीच चालवणार का?"

बायका खो खो हसल्या. माझी सूनबाई तिथे नव्हती, हे नशीब.

कोणी म्हणालं, मतदान घ्या. पण एक पान कमी झालं की प्रत्येकीला भरीत जास्त! अशा भुकेल्या बहुमतावर कोण विश्वास ठेवणार? शेवटी ठरलं, जिला भरताशी काही देणंघेणं नाही, तिनेच निवाडा करायचा. अशी एकच होती, आमची सर्वांत वडील अक्का. वांग्याने तिला खाज सुटते. ती डब्यातली खिचडी खात बसली होती.

घास गिळून तिने तिच्या अहिराणीत नियमाचं कारण विचारलं, "हाऊ नियम कसाले लिखा व्हता?"

मी सांगितलं, पहिल्या वर्षी एक बाई थेट जेवणाच्या वेळी उगवली होती, म्हणून.

"कोन व्हती ती?"

सगळ्यांनी अध्यक्षबाईंकडे पाहिलं. अध्यक्षबाई शेजारच्या केळीच्या बागेकडे पाहू लागल्या.

अक्काने निकाल दिला. नियम आयतं खाणारीसाठी आहे, आजारी बाईसाठी नाही. धुळ्याची पाहुणी वांगी सोलेल आणि ठेचेल. आणि विस्तवाला वारा अध्यक्षबाई घालतील.

"हे कुठल्या कलमात आहे?" अध्यक्षबाई कडाडल्या.

"मना कलममा," अक्का स्वतःकडे बोट दाखवत म्हणाली आणि पुन्हा खिचडीकडे वळली.

अध्यक्षबाई दोन दिवस रुसल्या. कलम सात आजही तसंच आहे, एक अक्षर बदललेलं नाही. धुळ्याची मैत्रीणही अजून मंडळात आहे.