नेवाशातला रिकामा चौकोन

"उठा जरा. मला तुमच्या खुर्चीत बसू दे."

गिऱ्हाइकाकडे गेल्यावर मॅडमचं पहिलं वाक्य हेच. ओढणी खांद्यावर टाकायच्या आणि त्याच्याच मशीनसमोर बसायच्या. चहा नंतर.

नव्वदच्या दशकाची अखेर. सावेडीत एका बंगल्याच्या गच्चीवर आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस होतं. कोल्हारहून आलेल्या मॅडम आमच्यातल्या सगळ्यात हुशार. नगरच्या रक्तपेढ्यांत कुठल्या गटाच्या किती बाटल्या आहेत, हे दाखवणारा प्रोग्रॅम त्यांनी लिहिला होता. पडद्यावर रंगीत बाटल्यांच्या रांगा; माउस नेला की सगळी माहिती उघडायची. तुम्ही पाहिला असता तर तुम्हीही माझ्यासारखे खुर्ची ओढून बसला असता.

ऑफिसच्या साहेबांनी ठरवलं, बाटल्या दाखवणारा हाच तुकडा, आमच्या भाषेत कंट्रोल, इंटरनेटच्या पानात घालायचा, म्हणजे तालुक्याच्या दवाखान्यांनाही दिसेल. आमच्या मशीनवर तो झकास चालला.

नेवाशाच्या दवाखान्यात मॅडम सिस्टरच्या खुर्चीत बसल्या. मी मागे उभा. मॉडेम किंचाळला, पान उघडलं. बाटल्यांच्या जागी रिकामा चौकोन आणि कोपऱ्यात लाल फुली.

"सकाळीबी आसंच हुतं, म्याडम," सिस्टर म्हणाली. "आधी इंग्लिशमधी कायतरी इचारलं. मी भ्याले, न्हाई म्हनले."

तेवढ्यात आतल्या बाळंतिणीचा रक्तस्राव वाढला. डॉक्टर एकेका पेढीला फोन लावू लागले. तिचा नवरा जीपजवळ थांबला होता, कुठे पळायचं ते कळेना. शेवटी एका पेढीनं होकार दिला आणि जीप सुटली. ती बाई वाचली. पण तो वेळ मॅडमनी त्या चौकोनासमोर बसून काढला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो कंट्रोल पानातून काढून टाकला.

"अहो, तुमचंच काम ना ते?" साहेब कळवळले.

"डेस्कटॉपवर छानच आहे, तिथं राहू दे. पानात आला तरी तो प्रत्येक मशीनवर वेगळा बसवावा लागतो, साहेब. मध्येच फोन तुटला की अर्धवट. ब्राउझर दुसरा असला की दिसतच नाही. आणि बसला तर मशीनवर काहीही करू शकतो, म्हणून मशीन आधी विचारतं, विश्वास आहे का? सिस्टरनं काय सांगायचं?"

मग त्यांनी त्याच पानात, काही न बसवता कुठल्याही मशीनवर उघडेल असा साध्या अक्षरांचा तक्ता केला. रंग नाही, बाटल्या नाहीत. इतकं देखणं काम इतक्या सहज बाजूला ठेवणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

पुढे मॅडम लग्न होऊन परदेशी गेल्या. आता कुठे असतात, ठाऊक नाही. माझ्या डोळ्यांसमोर मात्र तक्ता सुरू झाल्यानंतरची एक दुपार आहे. फोन वाजला, मी उचलला. नेवाशाची सिस्टर होती.

"म्याडमला सांगा, दिसलं! ओ निगेटिव्ह कुठं हाय ते लगेच घावलं. मानूस रक्त घिऊन आलाबी."

मी सांगितलं. मॅडम "बरं" म्हणाल्या आणि त्यांनी डोकं खाली टेकलं, ते कीबोर्डवरच. पडद्यावर एकच अक्षर ओळीमागून ओळ उमटत राहिलं, आणि त्यांना उठवायचा धीर आमच्यात कुणालाच झाला नाही.