स्क्रीनवर ३ आलंतं

किस्से कसे साचतात म्हणाल, तर आमच्या पलूसच्या ऑफिसातल्या जुन्या हेडर फायलींसारखे. कुणालाच नको असतात, पण डिलीट करायला प्रत्येकजण घाबरतो! आम्ही शेतपंपाचे ऑटो स्टार्टर बनवतो आणि त्यांचा 'सी'मधला प्रोग्रॅम मी लिहिते. हेडर म्हणजे बाकीच्या फायली जिच्यातून आकडे आणि नियम वाचतात, ती फाईल.

*

पूर्वी प्रोग्रॅमच्या व्हर्जनचा आकडा तीन हेडरमध्ये लिहिलेला असायचा. मी दोन ठिकाणी बदलला, तिसरा विसरले. शिराळ्याच्या एका काकांचा फोन आला, "आवं मॅडम, स्क्रीन चालू करताना १ म्हनतंय, बंद करताना २. आमी काय समजायचं?" त्याच दिवशी नवं फोल्डर केलं आणि आकडा त्यातल्या एकाच हेडरमध्ये एकदाच लिहिला.

*

मग जुन्या हेडरांचं फोल्डर उडवलं, तर बिल्डच बंद, म्हणजे प्रोग्रॅम तयारच होईना! आमचे मालक माने सर ओरडले, "ठेव गं ते परत! चालतंय न्हवं? मग हात लावू नगंस!"

मी मुकाट्याने परत ठेवलं. भीती वाटली, दुसरं काय!

*

टेस्टिंगला आमचे सुभेदार काका, रिटायर फौजी. स्टार्टर उघडायचा तर आधी फ्यूज काढून खिशात! "बंदूक रिकामी हाय म्हनून कुनी बी सांगू दे, आपुन सवता बघायचं."

आम्ही लय चिडवायचो, "काका, स्क्रीनवरच्या आकड्यावर तरी विश्वास ठेवा की!"

*

व्हर्जन २ मध्ये लाईट आली की मोटर आपोआप सुरू व्हायची. ३ मध्ये बटण दाबल्याशिवाय होणार नव्हती. पहिला नग काकांनी स्वतःच्याच विहिरीवर बसवला. दुपारी त्यांचा फोन, "स्क्रीनवर ३ आलंतं. आता लाईट गेलीया, तवर इहिरीत उतरून मोटर उघडतो. फ्यूज काढू का?"

"३ आहे ना? मग कशाला, काका!"

फोन ठेवला आणि कुठली फाईल कुठून घेतली ती बिल्डची यादी सहज चाळली. आकडा नवीन फोल्डरमधल्या हेडरमधून घेतलेला. मोटरचा नियम मात्र जुन्या फोल्डरमधला, म्हणजे लाईट आली की मोटर आपोआप सुरू! दोनदा फोन नुसताच वाजला. तिसऱ्यांदा त्यांनी उचलला.

"काका, वर या! आत्ताच्या आत्ता!"

"आगं, पाना खाली..."

"पाना राहू दे!"

पायऱ्यांवर चपलांचा आवाज, मग धाप. "आलो बग वर. काय झालं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात फोनमधून मोटरची घरघर ऐकू आली.

काका हळूच म्हणाले, "पोरी, आकडा किती म्हनालीस?"