तुळईला टांगलेली जोडी

…तर शेवटी दोनातोने शिडी लावली, स्वयंपाकघराच्या तुळईत आकडा ठोकला आणि चीजची जोडी टांगली. भोपळ्याएवढे दोन गोळे, एकाच दोरीच्या दोन टोकांना. आमच्या इर्पिनियाच्या डोंगरात चीज असंच वाळवतात, त्यात नवल नाही. नवल हे, की या विधुर पाववाल्याला चीज पचतच नाही. टांगलं ते जेरार्दासाठी.

ऐंशी सालच्या भूकंपात जेरार्दा एवढीशी होती. रविवारची संध्याकाळ. आई चुलीवर घेवडा ढवळत होती, आणि वरची जोडी आपोआप झुलू लागली. पोरीला वाटलं, चीज नाचतंय! टाळ्या पिटत ती मैत्रिणीला गंमत दाखवायला गल्लीत धावली. मागे घर बसलं. आई आतच.

मग दूध आलं, घोंगड्या आल्या, बाहुल्यासुद्धा आल्या. "पोर वाचली, नशिबाची!" म्हणत सगळ्यांनी डोक्यावरून हात फिरवला. मनात काय बसलंय ते विचारायला मात्र कोणी आलं नाही. ती मैत्रीणही पुढे स्वित्झर्लंडला गेली ती गेलीच. तेव्हा मिळालेल्या लाकडी खोपटात जेरार्दा अजून एकटी राहते. सरकारने दिलेल्या पक्क्या घरात कोळिष्टकं नांदतात. खोपटातही तुळईला जोडी. तिच्यावर एक डोळा ठेवून जेवायचं, एक डोळा ठेवून निजायचं. वाऱ्याने हलली तरी बाई गल्लीत!

गावातले टवाळ विचारतात, "काय गं जेरार्दा, आज चीज काय म्हणतंय?"

"तुझ्या टकलावर पडू का, म्हणतंय!"

तोंडाला अशी तिखट, पण दुसऱ्याच्या छपराखाली घास घेत नाही. लग्नाच्या पंगतीतही हिचं ताट अंगणात, मांजरांच्या सोबतीला.

म्हणून दोनातोची ही सगळी खटपट. "ये बाई रविवारी जेवायला," तो म्हणाला, "राखण टांगलीय वर."

आणि आली की! कोट न काढता दाराजवळच्या खुर्चीत टेकली. घेवडा खाल्ला, वर आणखी मागून घेतला. दोनातो हरखला. आता विचारूनच टाकू म्हणून वाइन ओतायला ताडकन उठला, आणि त्याचं डोकं जोडीला लागलं. जोडी झुलली.

"दोनातो, बाहेर! बाहेर ये!" खुर्ची उलटली, जेरार्दा गल्लीत.

तो बाटलीसकट धापा टाकत मागे आला. "अगं, भूकंप कसला! माझं टाळकं लागलं!"

भिंतींपासून लांब, गल्लीच्या मधोमध ती उभी होती. मग दोनातोने धीर केला, "राहायला येशील का गं माझ्याकडे?"

जेरार्दा म्हणाली, "राहायला नाही रे जमायचं. पण तेव्हा मी आईला हाक न मारता पळाले होते, आज तुला हाक मारून पळाले. पुढच्या रविवारी ती जोडी जरा वर टांग."