देव नसलेलं बेट

पहिलंच सांगून टाकते, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही. ‘नव्हता’ असं लिहिणार होते, पण थांबले. आजही नाही. बुलढाण्यात माझं छोटंसं पार्लर आहे. अंगात येणाऱ्या बायकासुद्धा माझ्याकडे आयब्रो करायला येतात, आणि धाग्याचा चिमटा बसला की माझ्याच आईच्या नावाने ओरडतात... त्यामुळे माझ्यावर कशाचा प्रभाव पडणं जरा कठीणच.

तरीही हे लिहिते आहे. सगळं जसं घडलं तसं लिहीन, फक्त धरणाचं नाव देणार नाही. मोताळ्याच्या बाजूला आहे एवढंच सांगते. नाव छापून आलं की आठ दिवसांत तिथे नारळ फुटायला लागतील, माझ्या लोकांना मी ओळखते.

माझी धाकटी बहीण सुनीता त्याच भागातल्या एका खेड्यात दिली आहे. आम्ही तिला सुनी म्हणतो. मुलगी झाल्यावर ती बरेच दिवस आजारी होती. विंचरायला कोणी नाही, केस गुंतत गेले, आणि त्या गुंत्याची जट झाली. सासूने त्यावर हळदकुंकू वाहिलं आणि देवी आली म्हणून जाहीर केलं. झालं! कंगवा बंद, कात्रीचं नावच नको. पाच-सहा वर्षांत ती जट मनगटाएवढी जाड झाली आणि कमरेपर्यंत लोंबायला लागली. तिची मान सतत दुखायची. वर दर मंगळवारी तिला पाटावर बसवून बाया पाया पडायच्या.

मी किती वेळा सांगितलं असेल — सुने, त्यात देवी नाही गं, मळ आहे. तिला पटायचंही. पण भीती काही पटल्याने जात नाही. एकदा कापायचा दिवस ठरवला, आणि नेमकी आदल्या दिवशी तिची मुलगी परी तापाने फणफणली. टायफॉइड निघाला. तेव्हा अर्ध्या गावाला टायफॉइड होता, पण हे कोण ऐकतं! सुनीने माझ्याशी बोलणंच टाकलं होतं.

मागच्या हिवाळ्यात मात्र तिचाच फोन आला.

“ताई, सासू म्हनते परीच्या केसात बी गुंता दिसून राह्यला. तिले बी इंचरू नको म्हनते.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “तू माही जट काप. माही गेली तं तिची बी थांबंल. पन जिथं देव पाहत नसंल, तिथं काप.”

आता आली का पंचाईत! आपल्या जिल्ह्यात देव पाहत नाही अशी जागा आणायची कुठून? बांधावर शेंदूर, झाडाखाली शेंदूर, माझ्या पार्लरच्या आरशावरसुद्धा लक्ष्मीचा फोटो. त्याच सुमारास मला देऊळघाटच्या रशीदभाईंची आठवण झाली. त्यांची बायको माझी कस्टमर. रशीदभाई आधी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचे. मोबाईलवर कुठला तरी व्हिडिओ पाहिला आणि दोन लांबट नावा शेजारी-शेजारी जोडून, वर फळ्यांचा माच ठोकून त्यांनी बोट बनवली. तिच्यावर लाल अक्षरांत लिहिलं ‘कॅटामरान’. थंडीत पक्षी पाहायला येणाऱ्यांना ते धरणातल्या बेटावर नेतात. हाफ डे ट्रिप.

मी फोन करून विचारलं, “रशीदभाई, बेटावर एखादा देव? दगड, झेंडा, मजार, काही?”

“काहीच नाही ताई. ना च्या, ना संडास, ना देव. पानी चढते, उतरते. देव बसंल कुठं?”

सुनी माहेरपणाला म्हणून निघाली आणि मधेच धरणापाशी उतरली. डोक्यावर शाल घट्ट गुंडाळलेली. माझ्या पर्समध्ये कात्री, वर्तमानपत्रात गुंडाळून.

पाण्यावर धुकं होतं. बोटीत बसताना सुनी घाबरली, तर रशीदभाई म्हणाले, “उलटत नाही ही, बाई. दोन पायावर उभी हाये.” आणि खरंच, ती बोट डुलतसुद्धा नव्हती. त्यांनी मधेच इंजिन बंद केलं आणि आम्ही नुसतेच सरकत राहिलो. किनारा कधी दिसेनासा झाला कळलं नाही. धुक्यातून बदकांचे आवाज यायचे, पण बदकं दिसायची नाहीत.

बेट म्हणजे पाण्यात आडवी पडलेली गवताची लांबच लांब पट्टी. दोन-चार बाभळी, बाकी काही नाही. आम्हाला उतरवून रशीदभाई गळ टाकायला बोट घेऊन थोडे लांब गेले. सुनीने आधी सगळं बेट फिरून पाहिलं. एकेक दगड पायाने उलटा करून पाहिला. मग माझ्यापाशी येऊन बसली.

“नाही इथं कोनी,” ती म्हणाली. “पन ताई, जरासं टेकू दे. मंग काप.”

तिने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. मी बाभळीला पाठ लावून बसले होते. जट कुठून कापावी म्हणून मुळाशी बोटं घालून पाहिली, घट्ट, वाळलेल्या दोरखंडासारखी. ऊन वर आलं होतं. पाणी काठाला चुबुक चुबुक लागत होतं... माझे डोळे मिटायला लागले.

आता पुढचं नीट सांगता येणार नाही. मी झोपले होते, पण पाण्याचा आवाज ऐकू येत होता. कोणीतरी शेजारी येऊन बसल्यासारखं वाटलं. भीती अजिबात नाही. दमलेल्या बाईच्या हातून दुसरी बाई काम काढून घेते ना — सरक, मी करते — अगदी तसं वाटलं. आणि मी सरकले. मनातल्या मनात सरकले. बारीक बारीक आवाज येत होता, केस सुटल्याचा. किती बरं वाटत होतं ते! डोळे उघडावेत असं वाटलंच नाही.

जाग आली ती मांडी ओली लागली म्हणून. खाली पाहिलं.

सुनीचे केस मोकळे होते. सगळेच्या सगळे. धुतलेले, ओले, माझ्या मांडीवरून गवतावर पसरलेले, बट न् बट वेगळी. आणि ती गाढ झोपलेली.

हे माझं रोजचं काम आहे, म्हणून सांगते. अशी जट सुटत नाही. तेल लावून दिवसच्या दिवस सुईने सोडवत बसलं तरी निम्मे केस तुटतात. इथे गवतावर एक केस पडलेला नव्हता. माझे हात कोरडे होते आणि पर्सची चेन बंद होती.

सुनीने उठून डोक्याला हात लावला आणि ओरडलीच. “काय केलं ताई?”

“मी काही नाही केलं गं... आईची शपथ.”

ती केसांतून बोटं फिरवत राहिली, रडत राहिली. मीही रडले. मला तर इतका आनंद झाला होता की काय सांगू! म्हटलं, सुने, सुटलीस. आता कापायची गरजच नाही.

ती रडायची थांबली. माझ्याकडे पाहून म्हणाली, “घरी काय म्हनतीन, ठाऊक हाये? देवीनं सोतानं सोडवली म्हनतीन. मंग तं मले उठूच देनार नाहीत पाटावरून. अन् परीले बाजूले बसवतीन. काप.”

मी कात्री काढली. एवढी वर्षं केसात काही नसतं म्हणणारी मी... त्या केसांना कात्री लावायची हिंमतच होईना. कोणी एवढ्या मायेने केलेलं काम, ते मी कसं कापू?

“दे इकडं,” सुनी म्हणाली. तिने मूठ धरली आणि मानेपासून कापले. वेडेवाकडे, पण एका दमात. डोळे उघडे ठेवून.

परत येताना रशीदभाई म्हणाले, “लय येळ लागला ताई इंचरायले. मी हात हलवला, तुम्ही बी हलवला ना वापस.”

मी हलवला नव्हता. मी झोपले होते. झोपेत मीच केलं म्हणावं, तर तेवढ्या वेळात ते कोणाच्याही हातून होणारं नाही. भरपूर विचार करून झाला.

घरी व्हायचा तो तमाशा झाला. सासू कितीतरी दिवस सुनीच्या हातचं जेवली नाही. पण कापलेल्या केसाच्या पाया कोण पडणार? मंगळवार आपोआप बंद पडले.

परवा न राहवून मी सुनीला फोन केला. म्हटलं, खरं सांग, तुला काय वाटतं, कोण होतं गं ते?

“मले नाही ठाऊक ताई,” ती घाईत म्हणाली. “ठेव आता. परीच्या वेन्या घालून राह्यली, तिची शाळेची गाडी आली.”