चार नर्सांची अंगारकी

कुशाबाईनं पांढऱ्या पातळाला खळ घालायला घेतली होती. भाताची पेज गाळून, निळीचे दोन थेंब टाकून, अर्धं पातळ घमेल्यात बुडवलं होतं. पदराकडचं अर्धं कोरडंच काठावर लोंबत होतं. एवढ्यात इस्पितळातली आया गवराबाई दारात धापा टाकत उभी राहिली.

"कुशाताई, हाय तशी चल. म्यानेजर बोलावत्यात. आन् तुजी पांढरी पातळं असतील तेवढी घिऊन ये म्हनत्यात."

"माझी पातळं? म्यानेजरला?"

"त्यांना न्हाई गं नेसायची. तू चल तर खरी!"

कुशाबाईनं ओलं अर्धं पिळलं, कोरडं अर्धं त्यावर गुंडाळलं आणि काखोटीला मारून निघाली.

हिची कहाणी चाकणजवळच्या एका खेड्यातली. वडील तात्याबा, घरची कांदा-बटाट्याची शेती. गावात पटकीची साथ आली तेव्हा लस टोचायला एक नर्सबाई आल्या होत्या. त्यांची पेटी धरून ही पोर आठवडाभर आळीआळीनं हिंडली आणि शेवटी बापाला म्हणाली, "मला हेच शिकायचंय." बासष्ट साली पुण्याहून शिकून, डोक्यावर टोपी चढवून परत आली. गावानं कौतुकही केलं. "तात्याबाची पोर परक्या बाप्यांची अंगं पुसती," एवढंच ते कौतुक.

मग स्थळं सुरू झाली. नऊ आली. पगाराचा आकडा ऐकून मंडळी बैठकीवर पुढं सरकायची आणि रात्रपाळी ऐकून तितकीच मागं. दहावा आला गेनू, पिंपरीच्या एका कारखान्यात लेथवर होता. त्याच्या मामानं नेहमीचा प्रश्न टाकला, तशी गेनूच म्हणाला, "मामा, आमी बी कंपनीत रातपाळी करतो की. मग आमची बी अब्रू गेली म्हना!" लग्न झालं. पुढं बारा-तेरा वर्षं नवरा-बायको उंबऱ्यातच भेटत आले. एक आत येई, दुसरा बाहेर पडे, आणि मधल्या मधे किल्ली आणि पोर या हातातून त्या हातात जाई.

कासारवाडीहून चाकणकडे जाणाऱ्या रस्त्यावर 'सुखकर्ता कामगार रुग्णालय' होतं, तिथं ही लागली. नाव देवाचं होतं, मालकी पुण्याच्या एका ट्रस्टची, पण कारभार ज्योतीराम मॅनेजरांचा. खाटा तीस. मंजूर नर्स चार. हयात नर्स दोन, कुशाबाई आणि जमिला. जमिला कासारवाडीचीच, भाऊ करीम, त्याचं रस्त्यालाच गॅरेज. एकीनं बारा तास उभं राहायचं, मग दुसरीनं. चौदा महिने सुट्टी म्हणून ती नाहीच. कुशाबाईनं तीन अर्ज दिले, "आणखी दोघी द्या." तिन्हींना एकच उत्तर आलं, 'आपल्या अर्जाची नोंद घेण्यात आली आहे.' नोंद कुठं घेतली ते गवराबाईला ठाऊक होतं, कारण मॅनेजरांचा खण तीच पुसायची. तिन्ही अर्ज तिथं एकावर एक निजले होते.

कारण फार गहन नव्हतं. आवारात नर्सांसाठी चार खोल्या बांधल्या होत्या. कुशाबाई आणि जमिला आपापल्या घरी राहत, म्हणून त्यांच्या वाटच्या दोन खोल्यांत इस्पितळाच्या मोडक्या खाटा ठेवल्या होत्या. उरलेल्या दोन खोल्यांत मॅनेजरांचे मेहुणे बबनराव सहकुटुंब, आणि मागच्या पडवीत त्यांची म्हैस. नर्सा आल्या असत्या तर म्हशीनं जायचं कुठं?

मॅनेजरांची बायको मंजुळाबाई फार देवभोळी. पण तिच्या हळदीकुंकवाला कुशाबाईला कधी बोलावणं नव्हतं. "बाळंतिणीचं, रक्तामासाचं करणारी ती. घरात देव आहेत माझ्या," असं ती शेजारणींना सांगायची. आणि याच देवाच्या घरात कुशाबाई दर आठवड्याला जाऊन तिच्या सासूला एनिमा देऊन यायची. एनिमा घेताना विटाळ आडवा आला नाही कधी, तिळगूळ देताना मात्र नेमका यायचा. देव सगळं बघत असेल तर त्यालाही कधीमधी हसू आवरत नसेल.

तर त्या दिवशी, सत्त्याहत्तर सालातल्या एका मंगळवारी, अंगारकी होती. चिंचवडच्या मंगलमूर्तीच्या दारी सकाळपासून रांग लागलेली. मंजुळाबाईही तिकडंच निघायच्या, पण नवऱ्यानं त्यांना इस्पितळात आणून बसवलं होतं.

"सिस्टर, अकरा वाजता पुण्याहून ट्रस्टच्या मेट्रनबाई येताहेत, शालनबाई," ज्योतीराम कुशाबाईला म्हणाले. "तपासणी आहे. चार नर्सा दिसायला हव्यात."

"दोघीच आहोत की आम्ही."

"म्हणून तर पातळं मागवली. गवराबाई एक, आणि..." त्यांनी बायकोकडं बघितलं. बायकोनं छताकडं बघितलं.

जमिलाला कुवेतच्या इस्पितळाचं पत्र आलं होतं. महिन्याभरात ती जाणार होती. आज कागदावर चार जणी हजर लागल्या की पुण्याहून कुणीही यायचं नाही, आणि जमिला गेल्यावर तीस खाटांना कुशाबाई एकटी. तिनं तोंड उघडलं, पण ज्योतीरामांनी टेबलावरच्या एका कागदावर बोट ठेवलं. जमिलाचं ना-हरकत पत्र होतं ते, बिनसहीचं.

"हे आजच करायचं होतं मला," ते गोड आवाजात म्हणाले. "सगळं नीट पार पडलं, तर."

जमिला कोपऱ्यात पट्ट्या गुंडाळत होती. तिनं मान वर केली नाही.

कुशाबाईनं पातळं टेबलावर ठेवली.

"पांढरं?" मंजुळाबाई किंचाळल्या. "अंगारकीच्या दिवशी? कुंकवाचा धनी समोर उभा असताना? मेले तरी नेसणार नाही!"

शेवटी तह झाला. पांढरं नेसायचं, पण हिरवा चुडा उतरवायचा नाही, कुंकू पुसायचं नाही आणि अबोलीचा गजरा काढायचा नाही. टोपी गजऱ्याच्या मागं टाचली. त्यांच्या वाट्याला नेमकं ते अर्धं खळीचं पातळ आलं, तोवर उन्हात वाळवून आणलेलं. जन्मभर नऊवारीची सवय, हातानं आपसूक कासोटा घातला आणि सहावारी पोटऱ्यांच्या वर चढलं. पदर मऊ लुळा, आणि मागून कासोटा पत्र्यासारखा ताठ. पाठमोऱ्या बाई चालल्या की मोर निघाल्यासारखं दिसे.

गवराबाई मात्र खुशीत होती. "लई ग्वाड वाटतंय गं," ती जमिलाच्या कानाला लागली. "पंधरा वर्सं भांडी उचलली, आज टोपी चढली!"

"चाची, हसू नका, माझा जीव जातोय इथं," जमिला पुटपुटली.

शालनबाई बरोबर अकराला आल्या. किरकोळ बांधा, जाड चष्मा, हातात वही. चार पांढऱ्या आकृत्या खाटांपुढं ओळीनं उभ्या पाहून त्या क्षणभर थांबल्या.

"चारपैकी चार हजर? बावीस वर्षांच्या नोकरीत हे पहिल्यांदा बघतेय."

"बाप्पाची कृपा," ज्योतीराम म्हणाले.

गवराबाईला त्यांनी विचारलं, प्लॅस्टर घातलेल्या माणसाला पाठीवर जखमा होऊ नयेत म्हणून काय करता? गवराबाईनं कुशी कशी वळवायची, पावडर कुठं लावायची, चादरीची सुरकुती कशी मोडायची, सगळं हातवारे करून सांगितलं. कुणी शिकवलं नव्हतं, तरी एकही चूक नाही. शालनबाईंनी मान डोलावली आणि मंजुळाबाईंकडं वळल्या.

"या पेशंटची नाडी बघा."

पेशंट म्हणजे प्रेसमध्ये बोट गमावलेला एक कामगार. मंजुळाबाईंना अंगारकीचं सोवळं. त्यांनी पदराची चौपदरी घडी केली, ती त्याच्या मनगटावर ठेवली आणि वरून दोन बोटं टेकवली.

"लागते का?"

"लागतेय की. गरम लागतेय."

कामगारानं उरलेल्या चार बोटांनी तोंड झाकलं. शालनबाई हसल्या नाहीत. त्यांना सगळं तेव्हाच उमगलं होतं की काय, ते एक मंगलमूर्तीला ठाऊक. त्यांनी शांतपणे वही उघडली.

"छान. आमच्या चिखलीच्या शाखेत एकही नर्स नाही. तुमच्याकडं भरपूर आहेत. दोघींना उद्या सकाळपासून तिकडं पाठवते, दोन वर्षांसाठी. राहायची सोय तिथंच." मग कुशाबाईला म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही सगळ्यांत जुन्या. कोणत्या दोघी पाठवू?"

ज्योतीरामांचा चेहरा खळीत बुडवून काढल्यासारखा झाला. मागून त्यांनी कुशाबाईला डोळ्यांनी खुणावलं, की जमिलाचं नाव घे, स्वतःचं घे.

कुशाबाई खोटं काहीच बोलली नाही. तिला फक्त निवडायला सांगितलं होतं.

"मंजुळाबाई आणि गवराबाई," ती म्हणाली. "दोघी अनुभवी आहेत. मंजुळाबाईंना तर नुसत्या कापडावरूनसुद्धा नाडी लागते."

"म्या जाईन की चिखलीला," गवराबाई म्हणाली. "टोपी हितंच ठिवायची का संगं न्यायची?"

पण मंजुळाबाईंनी टोपीच फेकली. "मी नाही जायची त्या चिखलात! मला आज चंद्रोदयाला नैवेद्य करायचाय, एकवीस मोदक! मी काय नर्स आहे? यांनी सांगितलं, दोन तास उभी राहा, म्हणून उभी राहिले!"

मागच्या पडवीत म्हैस ओरडली.

"ती कुणाची?" शालनबाईंनी विचारलं.

"नर्स क्वार्टरमध्ये राहते," कुशाबाईनं माहिती दिली.

शालनबाईंनी वहीत दोन ओळी लिहिल्या. मग मॅनेजरांच्या खोलीत जाऊन टेबलावरचं जमिलाचं पत्र उचललं आणि स्वतः सही केली. "जायचंय तिला अडवून ठेवून नर्सा तयार होत नाहीत," एवढंच बोलल्या. गवराबाईनं बोट दाखवलं त्या खणातले तीन अर्ज मागून घेतले आणि गेल्या.

न्याय झाला, पण ट्रस्टच्या पद्धतीनं. ज्योतीरामांना तोंडी समज मिळाली. बबनरावांनी एक खोली सोडली, म्हैस दुसरीच्या पडवीत हलवली. गवराबाईची त्या दिवसाची गैरहजेरी लागली, कारण आयांच्या हजेरीपटावर तिची सही नव्हती. आणि लेखी मेमो आला तो एकट्या कुशाबाईला, 'संस्थेचा गणवेश अनधिकृत व्यक्तीस वापरण्यास दिल्याबद्दल खुलासा करावा.' गेनूनं तो मोठ्यानं वाचला. "चौदा म्हैन्यांत ह्यांनी तुला पहिल्यांदाच कायतरी इचारलं बग!"

मंजुळाबाई पुढं हळदीकुंकवाला बोलवायला लागल्या, असं वाटत असेल तर ते सोडून द्यावं. फक्त सासूच्या एनिम्याची वेळ कळवायला त्या आता स्वतः येतात, आणि दाराबाहेर उभ्या राहून, खाली बघत बोलतात.

तीन आठवड्यांनी पुण्याहून पत्र आलं. दोन जागांवर तूर्त एक नर्स पाठवत आहोत. त्याच आठवड्यात जमिला कुवेतला निघाली. निघताना कुशाबाईच्या गळ्यात पडून म्हणाली, "ताई, तिथं म्हणे आठच तास काम असतं. मला तर उरलेले चार तास कुठं घालवायचे तेच समजायचं नाही."

"झोप," कुशाबाई म्हणाली. "माझ्याही वाटणीचं झोप."

म्हणजे होत्या दोघी आणि राहिल्या दोघीच. पण कागदावर आता दोन जागा रिकाम्या दिसत होत्या, दोघींच्या जागी खोट्या चौघी दिसत नव्हत्या. कुशाबाईनं चौथा अर्ज लिहिला, या वेळी थेट पुण्याच्या पत्त्यावर. मेमोचा खुलासाही त्याच पाकिटात घातला, 'पातळ अर्धंच खळीचं होतं, सबब गणवेश पूर्ण नव्हता.'

नवी मुलगी कोकणातली, इथं कुणालाच ओळखत नाही. तिला आणायला गाडी पाठवू का, असं मॅनेजरांना विचारलं तर ते म्हणाले, तशी तरतूद नाही. म्हणून कुशाबाईनं बारा तासांची पाळी संपवली, खाटा गवराबाईच्या हवाली केल्या, तोंडावर पाणी मारलं, पाकीट पोस्टात टाकलं आणि तिला उतरवून घ्यायला कासारवाडी स्टेशनकडं निघाली.